पडद्यावरचा जवान कुठल्या गावचा?

मी सरकारी पगारावर बोलत असे. आमच्या घरात ही गोष्ट फारशी निघत नाही. निघालीच तर जावई पाहुण्यांना सांगतात, "आमचे सासरे लढाईच्या काळात सिनेमाच्या खात्यात होते." मग पाहुणे लगेच विचारतात, कुठल्या कुठल्या नट्या पाहिल्यात? मी काहीतरी विनोद करून वेळ मारून नेतो. या अंकाच्या संपादकांनी मात्र मला पेचात पकडलं. "नोकरीतल्या गमतीजमती लिहा," म्हणाले. गमतीजमती आहेत, त्या लिहितो. पण ज्या गोष्टीसाठी लिहायला बसलो ती गमतीची नाही, हे आधीच सांगतो. चिवड्याची बशी पुढ्यात घेऊन वाचणाऱ्यांची फसगत व्हायला नको.

धंदा असा होता. दुसरं महायुद्ध पेटलं तेव्हा सरकारने प्रचाराच्या मोटारी काढल्या. आमची मोटार साताऱ्याला असे. आत सिनेमा दाखवायचं यंत्र, त्याला वीज पुरवणारं एक धुरकट इंजिन, पांढरा पडदा, दोन बांबू आणि टपावर कर्णा. दिवेलागणीला एखाद्या गावात पोचायचं, चावडीपुढे नाहीतर देवळाच्या पटांगणात पडदा बांधायचा आणि लढाईची रिळं फुकट दाखवायची. हेतू एकच, रिळं बघून गावच्या पोरांनी पलटणीत नाव घालावं. रिळं विलायतेतून यायची आणि त्यातला साहेब आपला इंग्रजीत बोलत राहायचा. ते आमच्याकडच्या लोकांना कळायचं कसं? म्हणून यंत्राचा आवाज बारीक करून, पडद्याशेजारी माईक धरून उभं राहायचं आणि सगळं गावच्या बोलीत सांगायचं. तो सांगणारा मी. आजचा सांगली जिल्हा तेव्हा नव्हता, त्यातला बराच मुलूख साताऱ्यातच मोडे, त्यामुळे शिरवळच्या नाक्यापासून थेट पलूसच्या मळ्यांपर्यंत माझा आवाज फिरलेला आहे.

मी मूळचा वाईचा. घरात सोवळं आणि बोलणंही सोवळ्यातलं. पण लहानपणापासून बाजारच्या दिवशी आलेल्या माणसांच्या नकला करायची खोड. त्या खोडीपायी वडिलांचा मार खाल्ला आणि त्याच खोडीने पुढे पोट भरलं. जत्रेतल्या तंबूच्या सिनेमाबाहेर उभा राहून गिऱ्हाईक ओढायचं काम मी करत होतो, तिथून मला या नोकरीवर बोलावणं आलं. मुलाखत घ्यायला एक गोरा साहेब आणि एक मामलेदार. मामलेदार म्हणाले, "खिडकीबाहेर त्या झाडावर माकडं भांडताहेत, त्यांचं भांडण गावरान भाषेत सांगा." मी सुरुवात केली, "आरं ए शेपटाच्या, माझी फांदी हाय ती!" आणि साहेबाला एक अक्षर कळत नसूनही तो हसून हसून लाल झाला. नोकरी मिळाली. साहेबाच्या पसंतीने तेव्हा मला किती धन्य वाटलं, ते आता लिहायलाही लाज वाटते.

मोटार चालवणारा आणि यंत्र फिरवणारा एकच माणूस होता, मिरजेचा इस्माईल. मी जेवढा बडबड्या तेवढाच तो मुका. सात गावं झाली तरी तो जेमतेम सात वाक्यं बोलायचा.

लोकांनी मात्र आम्हाला खूप करमणूक पुरवली. पडद्यावरचे जवान कडेला जाऊन दिसेनासे झाले की काही म्हातारे उठून पडद्यामागे जायचे, तिकडे कुठे गेले ते बघायला. रणगाडा समोरून आला की पुढच्या रांगा उधळायच्या. एका गावात एक शेतकरी रणगाड्याकडे डोळे लावून बसला होता. खेळ संपल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाला, "मास्तर, ह्याला मागनं नांगर लावला तर दिसात किती रान निघंल?" मी म्हटलं, तो नांगरायला नाही, लढायला केलाय. तो म्हणाला, "व्हय, पर लढाई संपल्यावर नुसता हुबा ऱ्हाणार न्हवं?" अशी माणसं. मला मास्तर ही पदवी त्यांनीच दिली, मी एक दिवसही शाळेत शिकवलेलं नाही.

आता माझी खास युक्ती. तिला आम्ही 'गाव घालणं' म्हणायचो. आफ्रिकेच्या एका रिळात एक तुकडी रेताडातून चालत येते. अगदी जवळून जाताना तिसरा जवान मान वळवून आपल्याकडे बघतो आणि हसतो. कोण, कुठला, देव जाणे. पण तो हसला की मी कर्ण्यातून ओरडायचो, "आरं बगा, बगा! वळकलं का न्हाई? ह्यो तुमच्याच गावचा गडी!" शिरवळला तो शिरवळचा असे. पलीकडच्या संस्थानी मुलखात कुपवाडला तेव्हा कारखाने नव्हते, नुसता माळ होता, तिथे तो कुपवाडचा होई. लोक टाळ्या वाजवून पटांगण डोक्यावर घेत. दुसऱ्या दिवशी भरतीवाल्यांकडे पोरांची रांग लागे आणि साहेब माझ्या पाठीवर थाप मारी. माझ्या साऱ्या बोलण्यात सगळ्यांत जास्त टाळ्या त्या एका वाक्याला पडल्या आहेत.

एक्केचाळीसच्या थंडीत आम्ही पलूसच्या अलीकडे, कृष्णाकाठच्या एका गावी गेलो. नाव लिहीत नाही, त्या घरची माणसं आजही तिथे नांदत आहेत. गाव पलटणीचं. घरटी एक तरी माणूस फौजेत. पुढच्या रांगेत जोती हवालदार नावाचे एक पेन्शनर बसले होते. पहिल्या महायुद्धात ते इराकात, बसऱ्याला जाऊन आलेले. त्या दिवशी कोटावर बिल्ले लावून आले होते आणि पडद्यावर गोरा अंमलदार दिसला की बसल्या जागी सलाम ठोकत होते.

पडद्यावर हबसाणातली, म्हणजे आजच्या इथिओपियातली लढाई चालू होती. मी पाठ केल्याप्रमाणे सांगत होतो, की इटलीच्या लोकांनी हबशी राजाचा मुलूख लुबाडला, त्याची प्रजा गुलाम केली, आणि आपले जवान तो मुलूख सोडवून राजाला परत देताहेत. हवालदारांनी हात वर केला.

"मास्तर, एक इचारू का?"

"विचारा की."

"परक्याचा मुलूख घेनं पाप हाय, असं सायबाचं म्हननं हाय?"

"होय."

"मग आपल्या हितनं ह्ये कवा जानार?"

पटांगण खदखदून हसलं. सरकारी मोटारीपुढे असं बोलल्याबद्दल हवालदारांच्या पेन्शनीवर गदा येऊ शकली असती, म्हणून मी ऐकू न आल्यासारखं केलं आणि इस्माईलला पुढचं रीळ लावायला सांगितलं. पुढचं रीळ तेच, रेताडातलं. तिसरा जवान हसला. मी गाव घातलं.

बायकांतून एक बाई उठली. पन्नाशीची, काटक, डोईवर पदर घट्ट. "नामा!" म्हणाली. "माझा नामा हाय त्यो!"

ही तानूबाई. तिचा एकुलता मुलगा नामा आफ्रिकेत होता, एवढं खरं. नवरा कधीच वारलेला. नामाचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं तेवढ्यात त्याची पलटण गेली होती. तानूबाई धावत घरी गेली आणि जाताना आम्हाला बजावून गेली, "हालू नगासा!" त्या गावात रीत होती. जवान रजेवर आला की त्याला वेशीत थांबवायचं, आईने त्याच्या पायावर पाणी घालायचं, भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, कुंकू लावायचं आणि मगच गावात घ्यायचं. तानूबाई तांब्या, भाकरी आणि निरांजनाचं ताट घेऊनच परत आली.

इस्माईलने माझ्याकडे न बघता रीळ मागे घेतलं. जवान पुन्हा चालत आले. तानूबाईने पडद्याच्या खालच्या काठावर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून दोन्ही बाजूंना टाकला. निरांजनाच्या उजेडाने चित्र फिकं पडलं. बोटाने ती कुंकू लावायला गेली तोवर हसणारा गडी निघून गेला होता आणि कुंकू एका उंटाच्या गुडघ्याला लागलं. कुणी हसलं नाही. मीही नाही. पण माझ्या युक्तीचा एवढा प्रताप बघून मला मनातून गुदगुल्या झाल्या, हे नाकबूल करून काय उपयोग?

खेळ संपल्यावर तानूबाईने आम्हाला चहाला नेलं. चहा घेऊन आली तिची सून, हौसा. सोळा-सतरा वर्षांची असेल. सासू आत गूळ आणायला गेली तशी ती दाराच्या चौकटीकडे बघत हळूच म्हणाली, "मास्तर, त्ये न्हवंत त्ये."

मी चपापलो. "मग बोलली का नाहीस?"

"आत्तीला लय बरं वाटलंय," ती म्हणाली आणि कप घेऊन गेली.

मला तेव्हा जरा ओशाळल्यासारखं झालं. पण गाडी सुरू झाली, दुसऱ्या गावची वेस आली आणि ते ओशाळणं मागे राहिलं.

बेचाळीस साल आलं आणि त्या मुलखात सरकारी माणसाचं फिरणंच बंद झालं. पोरं रानात गेली, तारा तुटल्या, चावड्या ओस पडल्या. एका गावात आमच्या पडद्यावर ढेकळांचा असा मारा झाला की गोरा अंमलदार भाषण करताना ढेकूळ नेमकं त्याच्या तोंडात बसलं. इस्माईल त्या दिवशी प्रथमच मोठ्याने हसला. मग आम्ही साताऱ्याच्या आसपासच, पोलीस बरोबर घेऊन खेळ करायचो. पोलिसांच्या बंदोबस्तात हसवणं मोठं कठीण काम असतं.

लढाई संपली. आमचं खातं बंद करायचं मात्र कुणाला सुचलं नसावं, कारण आम्ही चालूच होतो. शेहेचाळीसच्या शिमग्यानंतर मुंबईहून नवं रीळ आलं, जावा बेटाचं.

जावाची भानगड थोडक्यात सांगायला हवी. ते बेट पिढ्यान्‌पिढ्या डच लोकांच्या ताब्यात होतं. लढाईत ते जपानने घेतलं. जपान हरल्यावर तिथले लोक म्हणाले, आता आमचं राज्य आमचं. डच म्हणाले, छे, ते आमचं. पण डचांपाशी तेव्हा फौज नव्हती, म्हणून इंग्रजांनी आपली फौज पाठवली. आणि इंग्रजांची फौज म्हणजे काय? बरीचशी आपलीच पोरं. वर्तमानपत्रांत रोज छापून येत होतं की दुसऱ्याच्या गळ्यात जोखड घालायला आमची पोरं का वापरता? मी ते वाचत होतो. वाचून घडी घालून ठेवत होतो आणि संध्याकाळी कर्ण्यातून सांगत होतो, की जावात लुटारूंनी धुमाकूळ घातलाय आणि आपले जवान शांतता राखताहेत. मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय मी ठेवलेली नाही.

ते रीळ घेऊन आम्ही पुन्हा त्या कृष्णाकाठच्या गावी गेलो. पडदा बांधता बांधता हवालदार आले आणि गावची खबर त्यांनीच दिली. नामा अजून आला नव्हता. लढाई संपून इतके दिवस झाले, बाकीची पोरं एकेक करून आली, नामाचं मात्र पावसाळ्यापासून पत्रसुद्धा नाही. गेला असणार, असं गाव आता उघड बोलत होतं. हौसाचा भाऊ तिला माहेरी न्यायला आला होता. सकाळी गाडी जुंपायची होती. एकदा नेली की दुसरीकडे पाट लावून द्यायचा, असं त्याने ठरवलेलं. माणूस वाईट नव्हता. बहिणीने उमेदीची पाच वर्षं वाट बघण्यात घालवली, अजून किती घालवायची, असं त्याचं म्हणणं होतं. हौसा जात नव्हती, आणि तानूबाई म्हणत होती, माझा लेक जित्ता हाय, मी त्याला कापडावर बघितलाय.

मी हवालदारांना म्हटलं, "ते रीळ जुनं होतं हो."

"आमाला ठावं हाय," हवालदार म्हणाले. "तिला कोन सांगनार?"

त्या संध्याकाळी मी गाव घालायचं नाही असं ठरवलं. पटांगण भरलं. हौसा बायकांत मागे बसली होती, गाल खपाटीला गेलेले. भाऊ चावडीच्या पायरीवर. तानूबाई सगळ्यांत पुढे, अगदी पडद्याला नाक लागेल अशी.

रीळ सुरू झालं. आधी जपान्यांच्या छावणीतून सोडवलेल्या गोऱ्या बायका आणि पोरं दिसली, हडकलेली. आपले जवान त्यांना बिस्किटं देत होते. बायका चुकचुकल्या. मग एक खेडं आलं. नारळीची झाडं, झापांची छपरं. काही छपरांतून धूर निघत होता. कमरेला दोर बांधलेले पोरगेले गडी एका रांगेत अनवाणी चालले होते. एका घरापुढे एक म्हातारी जमिनीवर बसलेली होती. दोराचं टोक आपल्या एका जवानाच्या हातात होतं. रांगेतला एक जण अडखळून पडला. जवानाने दोर हिसडला, बुटाची लाथ घातली आणि मग कॅमेऱ्याकडे मान वळवून बघितलं. हसला नाही.

"लुटारूंचा बंदोबस्त," एवढंच माझ्या तोंडून गेलं.

हौसा उठून उभी राहिली. "त्येच हायत," म्हणाली. मोठ्याने नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

तानूबाई हलली नाही. पुढचे चार जवान निघून गेले, मग ती म्हणाली, "न्हाई. ह्यो माझा न्हाई."

"आत्ती, त्येच. डावा खांदा पाडून चालत्यात, बगा की."

"माझा लेक असलं करनार न्हाई."

गलका झाला. परत लावा, परत लावा. इस्माईलने रीळ मागे घेतलं. दोर, लाथ, वळलेली मान. पुन्हा गलका, पुन्हा रीळ मागे. दर वेळी तो पोरगा पडे आणि दर वेळी लाथ बसे. मागून कुणीतरी म्हणालं, नामाच की रं ह्यो. दुसरा म्हणाला, जलमदात्री न्हाई म्हनती, तर तुला काय कळतंय. हौसाचा भाऊ पायरीवरून उतरला. "आईच न्हाई म्हनत्या न्हवं? मग न्हाई. चल हौसे."

आणि मग सगळं पटांगण माझ्याकडे वळलं. "मास्तरास्नी इचारा! त्यास्नी समद्यांची गावं ठावं असत्यात!"

ते खरंच मानत होते. इतकी वर्षं मी गावोगाव बोटं दाखवून जवानांची गावं सांगत आलो होतो. पडद्यावरच्या प्रत्येक माणसाची माहिती सरकारने मला दिलेली असणार, अशी त्यांची खात्री होती. मला काय ठाऊक होतं? काही नाही. फक्त एवढं ठाऊक होतं, की पाच वर्षांपूर्वी या पोरीने हसऱ्या परक्या माणसाला आपला नवरा म्हणायचं नाकारलं होतं. तिची ओळख चुकणारी नव्हती.

तानूबाई माझ्यापुढे आली. माईक माझ्या हातात तसाच चालू होता. "मास्तरा," ती म्हणाली, "सांग की रं बाबा. दुसऱ्या गावचा हाय म्हनून सांग."

तिला माझ्याकडून खोटं हवं होतं. इतकी वर्षं मी ते फुकट वाटलं होतं आणि आज कुणीतरी हात जोडून मागत होतं. दिलं असतं तर तिचा लेक चांगलाच राहिला असता. आणि सकाळी हौसाची गाडी निघाली असती, जिवंत नवऱ्याची बायको दुसऱ्याच्या घरात जाऊन पडली असती. नामा कधी परत आलाच तर काय झालं असतं, याचा विचारही करवत नव्हता.

"तुमच्याच गावचा हाय, मावशी," मी म्हणालो. "नामाच हाय."

कर्ण्याने ते नदीपलीकडे नेलं. नेहमीचंच वाक्य, नेहमीचाच आवाज. कुणी टाळी वाजवली नाही.

तानूबाई पडद्याकडे वळली. चित्र थांबलं होतं, नुसता पांढरा उजेड होता. मग तिने विचारलं, "दोरीतली पोरं कोन?"

"तिथलीच. त्याच बेटावरची."

"काय चोरलं त्यांनी?"

मी माईक खाली ठेवला. "काही नाही, मावशी. आमचं राज्य आम्हाला द्या म्हणताहेत."

"कुनाला?"

"डचांना. गोऱ्या लोकांना."

"आन् ती म्हातारी? घर तिचंच व्हय, जळत व्हतं त्ये?"

"असेल."

"मग माझ्या नामाचं तिथं काय काम हाय?"

मी हवालदारांकडे बघितलं. ते आपल्या पायांकडे बघत होते. बसऱ्याला त्यांचं तरी काय काम होतं, हे बहुधा त्यांनाही कुणी कधी विचारलं नसावं. तानूबाईने पदर ओढून तोंड झाकलं आणि घराकडे निघाली. मुलगा जिवंत असल्याची खबर मिळालेली बाई अशी चालताना मी दुसरी पाहिली नाही. हौसा तिच्यामागे गेली. सकाळी तिच्या भावाची गाडी रिकामीच परत गेली, तेवढं एक बरं झालं.

त्या रात्री मला स्वतःच्या आवाजाची किळस आली. राजीनामा दिला, असं इथे लिहायला मला फार आवडलं असतं. तसं काही झालं नाही. आम्ही पुढच्या गावी गेलो आणि तिथेही तेच रीळ लावलं. फरक इतकाच, की मी बोलता बोलता मध्येच थांबू लागलो आणि लोक इस्माईलला विचारू लागले, "मास्तरांचा घसा बसलाय का?" काही दिवसांनी खातंच गुंडाळलं आणि सुटका झाली. इस्माईल मिरजेला गेला. मी साताऱ्यात एका सिनेमाच्या थिएटरात तिकिटांच्या खिडकीवर बसू लागलो. तिथे बोलावं लागत नसे.

देश स्वतंत्र व्हायच्या आधीच्या हिवाळ्यात, एका दुपारी, खिडकीशी एक माणूस येऊन उभा राहिला. खेळाला वेळ होता. धोतर, सदरा, डोक्याला पटका. डावा खांदा किंचित पडलेला.

"मास्तर तुमीच का? मोटारीवरलं?"

मी त्याला आत बोलावलं, चहा मागवला. तो बाकाच्या अगदी कडेवर बसला. भांडायला आला असेल, दोन ठेवून द्यायला आला असेल, असं मला वाटत होतं आणि त्याने ठेवून दिल्या असत्या तर मी गपगुमान खाल्ल्या असत्या. पण तो फार हळू, अदबीने बोलत होता. येऊन महिना झाला होता. आईने वेशीत येऊन सगळी रीत केली होती, पाणी, भाकरतुकडा, कुंकू. "पर माझ्याकडं बगत न्हाई," तो म्हणाला. "वाडती, खा म्हनती, आन् भिताडाकडं बगती. हौसानं सांगितलं मला, मोटारीचं. तिला इचारलं तर ती धड सांगंना. आईला कसं इचारायचं? म्हनून तुमच्याकडं आलो."

"मी माफी..." मी सुरुवात केली.

त्याने मान हलवली. त्याला माफी नको होती. "मास्तर, मला एकच सांगा. त्यात काय काय दिसलं?"

मी सांगितलं. माझ्या धंद्याचीच सवय, मला ते रीळ पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठ होतं. बिस्किटं सांगितली, नारळीची झाडं सांगितली, धूर, दोर, पडलेला पोरगा. लाथही सांगितली. तो खाली बघून ऐकत होता.

"म्हातारी?" त्याने विचारलं. "घराम्होरं बसल्याली?"

"दिसली."

"बसल्याली न्हवं?"

"हो. बसलेलीच."

"आन् त्येच्याम्होरं?"

"त्याच्यापुढे काही नाही. तिथे ते संपतं. मग विलायतेतल्या घोड्यांच्या शर्यती लागतात."

"शर्यती," तो म्हणाला. "म्हंजी आईनं एवढंच बगितलं?"

"एवढंच."

गार झालेला चहा उचलून त्याने एका घोटात संपवला आणि कप बशीत नीट ठेवला.

"मग बरं झालं," तो म्हणाला. "मला वाटलं, समदं बगितलं का काय तिनं."

तो उठला, रामराम करून निघून गेला. त्या म्हातारीचं पुढे काय झालं होतं, ते मी त्याला विचारलं नाही. विचारायची माझी छाती झाली नाही, आणि मला तो हक्कही नव्हता.